पुळणीवरच्या शर्यती आणि घोड्यावर बसणारा माणूस : शर्यत मंडळांना खुले पत्र

प्रति,
अलिबाग व मुरूड तालुक्यांच्या किनाऱ्यावर घोड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या सर्व मंडळांचे पदाधिकारी,
तसेच या शर्यतींना परवानगी देणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दसरा उलटला की आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत शर्यतींची बोलणी सुरू होतात. कोणाचा घोडा यंदा अंगाने भरला, कोणी नवा आणला, पहिल्या नंबराला रोख किती आणि ढाल किती फुटांची, यावर पारावर आणि बंदरावर खल होतो. यंदाची बोलणी पक्की होण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावे, एवढ्यासाठी घाईने लिहीत आहे. शर्यती बंद करा असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझे वडील टांगा हाकत असत, आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर घोड्याच्या टापांचा जो आवाज येतो तो ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. मला बोलायचे आहे ते फक्त त्या घोड्यावर बसणाऱ्या किंवा त्याच्यामागच्या गाडीत उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल.

माझी ओळख सांगतो, म्हणजे हे कोणत्या अधिकाराने लिहितो ते कळेल. एका सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टर खोलीत मी एकतीस वर्षे काम केले. डॉक्टर हाड बसवत आणि मी प्लास्टर घालत असे. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बाकावर कोण येऊन बसणार हे मला आधीच ठाऊक असे. हात टेकून पडल्यामुळे मनगट मोडलेला एक, खांद्यावर पडल्यामुळे कॉलरबोन मोडलेला दुसरा, आणि घोड्याने पाय दिल्यामुळे पावलाची हाडे चेचलेला तिसरा. मुले हसत येत, प्लास्टरवर मित्रांच्या सह्या घेत, आणि सहा आठवडे थांबायला सांगितले असताना तिसऱ्याच आठवड्यात पुळणीवर दिसत. मोडलेली हाडे जुळतात, म्हणून आम्हीही फार रागावत नसू.

सोळा वर्षांपूर्वीच्या दिवाळी पाडव्याला मात्र एक गोष्ट घडली आणि ती माझ्या मनातून जात नाही. सतरा वर्षांचा एक मुलगा शर्यत जिंकून पुढे गेला होता. निशाणापलीकडे मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या माणसांना बुजून घोडा एकाएकी समुद्राच्या बाजूला वळला, आणि मुलगा डोक्यावर पडला. डोक्याला फक्त फेटा होता. क्षणभर तो निपचित होता, मग डोळे उघडून हसला. त्याच्या बगलेत हात घालून त्याला उभे करणाऱ्या तिघांत मी एक होतो. आम्ही त्याला पाणी पाजले, अंगावरची वाळू झटकली, ढाल हातात दिली आणि फोटो काढले. दोन तासांनी घरी त्याला उलटी झाली. उन्हात उपाशी धावपळ झाली म्हणून असेल, असे म्हणून आईने त्याला झोपवले. रात्री तो उठेना. मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया करेपर्यंत पहाट झाली होती. तो वाचला. आज तो भावाच्या शहाळ्यांच्या गाडीवर बसतो आणि सुटे पैसे डाव्या हाताने मोजतो, कारण उजव्या हाताची मूठ वळत नाही.

कवटीचे हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळू लागले की माणूस काही काळ अगदी बरा दिसतो, बोलतो, चालतो, आणि मग ढासळतो. प्लास्टर खोलीत आयुष्य काढलेल्या मला हे ऐकून माहीत होते. तरीही त्या संध्याकाळी मला ते आठवले नाही, कारण ते आठवणे हे तिथे कोणाचेच काम नव्हते. घोड्याच्या पायाकडे पाहायला माणूस होता. पावत्या फाडायला होता, ध्वनिक्षेपकावर बोलायलाही होता. पडलेल्या स्वाराकडे पाहायचे काम ज्याच्याकडे सोपवले आहे, असा माणूस त्या सबंध पुळणीवर नव्हता. गेल्या वर्षीही नव्हता, हे मी स्वतः पाहिले आहे.

जनावरांबाबत मात्र आपण गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ शिकलो, हे मान्य करायला हवे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. या सगळ्या खटाटोपात बैलाची तपासणी, पशुवैद्यकाचा दाखला, काठी-चाबकाला मनाई आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हे शब्द गावोगावच्या पोरांच्याही तोंडी बसले. चांगलेच झाले. पण तो सारा विचार मुक्या जनावरासाठी होता. ज्याला तोंड आहे तो स्वतःचे पाहून घेईल, असे गृहीत धरून आपण स्वाराला वाऱ्यावर सोडले आहे, आणि सतरा वर्षांच्या पोराला तोंड असले तरी हजार माणसांसमोर ‘आज मी बसत नाही’ एवढे चार शब्द त्यातून निघत नाहीत.

आता मुद्द्याकडे येतो. स्वार जोरात पळताना पडतो आणि म्हणून जखमी होतो, अशी आपली समजूत आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक जॉकींच्या १९९३ ते १९९६ या चार वर्षांतल्या ६,५४५ दुखापतींची तिथल्या संशोधकांनी छाननी केली, तेव्हा सुमारे ३५ टक्के दुखापती शर्यत सुटण्याच्या फाटकाशी झालेल्या आढळल्या. म्हणजे घोडा त्या चौकटीत शिरताना, आत उभा असताना किंवा बाहेर पडताना. दर पाचांतली जवळपास एक दुखापत डोक्याची किंवा मानेची होती. आपल्याकडे लोखंडी फाटक नाही, पण सुटण्याच्या जागी काय चालते ते आठवून पाहा. दोन-दोन माणसे मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून घोड्याला मागे रेटत असतात, शेजारचा घोडा लाथ झाडत असतो, एखादी गाडी रेषेच्या पुढे आलेली असते, ताशा वाजत असतो, आणि निशाण पडायच्या आधीच कोणीतरी ‘सोड रे’ म्हणून ओरडतो. एक घोडा सुटतो, दुसरा दोन पायांवर उभा राहतो, तिसऱ्याची मोहरकी धरणाऱ्याच्या हातातच राहते. प्लास्टर खोलीत येणारी चेचलेली पावले आणि मोडलेली बोटे बहुधा इथली असत, आणि त्यांत मोहरकी धरणाऱ्यांचीही असत.

याला पैसा लागत नाही. सुटण्याच्या रेषेपासून पन्नास पावलांच्या आत वाद्य नको आणि बघ्या नको. दोन घोड्यांमध्ये निदान दोन घोड्यांची जागा मोकळी हवी. प्रत्येक घोड्याजवळ त्याच्या ओळखीचा एकच माणूस असावा, आणि निशाण ज्याच्या हातात आहे त्याच्याशिवाय कोणाच्याही शब्दावर घोडा सुटू नये. जो घोडा तीनदा रेषेवर उभा राहत नाही त्याला त्या दिवशी बाजूला काढावे, मग तो कोणाचाही असो. शेवटची अट सर्वांत कठीण आहे, कारण ‘कोणाचाही’ म्हणजे बहुतेकदा वर्गणी जास्त देणाऱ्याचा.

रेसकोर्सवर आणि पुळणीवर एक मोठा फरक आहे, आणि तो समुद्राने केलेला आहे. मुंबईतले महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासून तिथेच आहे. त्याची माती रोज जोखतात, पाणी घालतात, दाबतात. आपले मैदान दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दर वेळी निराळे होऊन वर येते. काल जिथे सपाट होते तिथे आज ओहोळाने घळ पाडलेली असते. वरच्या कोरड्या वाळूत घोड्याचा पाय घोट्यापर्यंत रुततो, मधल्या ओल्या पट्ट्यात वाळू फरशीसारखी घट्ट असते, आणि अगदी पाण्याच्या कडेला ती पुन्हा फुगलेली, दगा देणारी असते. घोडा घट्ट वाळूवरून भुसभुशीत वाळूत गेला की त्याचे पुढचे पाय अडतात आणि स्वार त्याच्या मानेवरून पुढे फेकला जातो. माझ्या पाहण्यातले निम्म्याहून अधिक अपघात या शिवणीवर झाले, आणि ती शिवण नुसत्या डोळ्यांनी दिसते. सकाळी चुन्याची फक्की टाकून ती आखून घ्यायला दोन माणसे आणि अर्धा तास पुरेल. त्याच फेरीत वाळूत गाडलेले होड्यांचे नांगर, जाळ्यांच्या दोऱ्या, डोल जाळ्यांचे मोडके खुंटे आणि काचा वेचून घ्याव्यात. हे काम कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसाबरोबर करावे, कारण कोणता खुंटा कुठे गाडला आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

वेळेचेही तसेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्या वाडवडिलांनी लावून ठेवलेला आहे. कार्तिकातल्या प्रतिपदेला, म्हणजे दिवाळी पाडव्याला, पूर्ण भरती दुपारी पाऊण वाजायच्या सुमारास येते आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी पावणेसातला लागते. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पुळण सर्वांत रुंद आणि घट्ट होते ती नेमकी अंधार पडल्यावर. आपण चारला सुरू करतो, तेव्हा पट्टा अजून अरुंद असतो आणि गाड्या एकमेकींना घासतात. मग गट रखडतात, आणि शेवटची, सर्वांत चुरशीची फेरी मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात होते. त्या दिव्यांनी घोडे बुजतात हे सांगायला मी कशाला हवा? तुळशीच्या लग्नांच्या दिवसांत, द्वादशीच्या आसपास, हाच हिशेब लावून पाहा. सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीन-सव्वातीनला ओहोटी. पाणी उधाणाइतके लांब जाणार नाही हे खरे, पण दोन ते साडेचार असा अडीच तासांचा चांगला पट्टा भर उजेडात मिळेल. पाडव्याचा मान मोठा आहे, हे मी जाणतो. पाडव्याला घोड्यांची पूजा आणि मिरवणूक करावी आणि शर्यत द्वादशीला ठेवावी, एवढीच माझी सूचना आहे. तिथी बदलायचीच नसेल, तर निदान सूर्य मावळल्यावर एकही घोडा सुटणार नाही असे ध्वनिक्षेपकावरून आधीच जाहीर करावे आणि गट कमी घ्यावेत.

पुळणीवर घोडे पळवणारे जगात आपण एकटेच आहोत असे नाही. स्पेनमध्ये सानलुकार द बारामेदा इथे १८४५ पासून ऑगस्टच्या ओहोटीला शर्यती होतात. आयर्लंडच्या मीथ परगण्यात लेटाउन नावाचे गाव आहे. तिथे १८६८ पासून पुळणीवर शर्यती होतात आणि त्या आयर्लंडच्या रीतसर शर्यतनियमांखाली चालतात. लेटाउनला पूर्वी वळण घेऊन परत यायच्या शर्यती होत असत. १९९४ साली तिथे गंभीर अपघात झाला. त्यानंतर त्यांनी परंपरा मोडीत काढली नाही. वळण काढून टाकले, सगळ्या शर्यती सरळ पट्ट्यावर घेतल्या आणि एका शर्यतीत दहापेक्षा जास्त घोडे नकोत असे ठरवले. आजही वर्षातून एक दिवस, ओहोटी पाहून, तिथे शर्यत होते. आपल्याकडे काही गावांत अजून बांबूला वळसा घालून परत यायची पद्धत आहे. त्या बांबूपाशी चार घोडागाड्या एकाच वेळी आतली बाजू धरायला बघतात, चाकात चाक अडकते आणि हाकणारा बाहेर फेकला जातो. हा बांबू काढून टाकावा. पट्टा दुप्पट लांब लागेल अशी अडचण सांगितली जाते. मग शर्यत निम्म्या अंतराची करावी.

निशाणापलीकडच्या जागेचा विचार आपण जवळपास करतच नाही. भरधाव घोड्याला थांबायला दोनशे-अडीचशे मीटर सहज लागतात, आणि आपला सगळा जमाव नेमका तिथेच, हातात मोबाइल धरून, दोन्ही बाजूंनी आत सरकत उभा असतो. त्या सतरा वर्षांच्या मुलाचा घोडा शर्यतीत अडखळला नव्हता. त्याच्यासमोर जागाच उरली नव्हती. जमाव सुरूच्या बनाच्या बाजूला, एकाच अंगाला, दोरीच्या आत ठेवावा. समुद्राची बाजू पूर्ण मोकळी ठेवावी, म्हणजे बुजलेल्या घोड्याला पाण्यात शिरून वेग कमी करायला वाट मिळेल. दोरी बांधावी ती काथ्याची किंवा कापडी पट्टीची, आणि खांब बांबूचे, सहज मोडणारे असावेत. मोठ्या रेसकोर्सवर कुंपण आपटल्यावर वाकणाऱ्या प्लास्टिकचे बसवतात, तेही याच कारणासाठी. लोखंडी पाइप रोवणारे मंडळ आपल्या स्वारासाठी भाले रोवत असते. पर्यटकांच्या पाण्यातल्या मोटारबाइकी आणि वरून घिरट्या घालणारे ड्रोन त्या अडीच तासांपुरते बंद ठेवायला बंदरांचा कारभार पाहणारे मेरीटाइम बोर्ड आणि पोलीस यांना आधी लेखी कळवावे लागते, आणि ते काम आदल्या दिवशी होत नाही.

आता डोक्याविषयी. १९२३ साली इंग्लंडची ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकणारा कॅप्टन बेनेट त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या एका शर्यतीत पडला, डोक्यावर टाप बसली आणि पुढच्या जानेवारीत तो वारला. त्यानंतर १९२४ मध्ये तिथे अडथळ्यांच्या शर्यतीत कवटीवरची कडक टोपी सक्तीची झाली. या गोष्टीला शंभर वर्षे उलटली. आपल्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर तर सकाळच्या सरावालाही हेल्मेट न घालता कोणाला घोड्यावर बसू देत नाहीत. तिथून समुद्र ओलांडला की मांडवा येते, आणि मांडव्याच्या अलीकडे-पलीकडे त्याच वेगाच्या खेळात डोक्याला फेटा गुंडाळलेला असतो. फेट्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मिरवणुकीत तो हवाच. पण घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून आठ फुटांवर असते, आणि ओहोटीची वाळू पाहायला मऊ वाटली तरी आपटल्यावर ती गिलाव्यासारखी लागते.

हेल्मेट दुचाकीचे घालावे का, असे पुष्कळजण विचारतात. ते जड असते, कान झाकते, बाजूचे दिसू देत नाही, आणि पडताना त्याचे वजन मानेवर येते. दुचाकीचे आपले मानक आयएस ४१५१ हे रस्त्यावरच्या अपघातासाठी बेतलेले आहे. घोडेस्वारीच्या हेल्मेटची मानके वेगळी आहेत. युरोपातले ईएन १३८४ आणि अमेरिकेतले एएसटीएम एफ ११६३ हे शिक्के आतल्या बाजूला पाहून घ्यावेत. खोगिरांसाठी कानपूर जगभर प्रसिद्ध आहे आणि घोडेस्वारीचे सामान आपल्याच देशात मिळते, तेव्हा परदेशातून मागवावे लागते ही सबब चालणार नाही. किंमत काही हजार रुपये आहे. आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर लागणाऱ्या फलकांच्या खर्चात आठ-दहा हेल्मेटे येतील, आणि ती मंडळाच्या मालकीची ठेवून प्रत्येक फेरीला स्वारांना देता येतील. मात्र दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतील. हनुवटीचा पट्टा आवळलेला हवा, कारण सैल हेल्मेट माणसाच्या आधी खाली पडते. आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून अभंग दिसले तरी बाद करावे, कारण त्यातला आतला थर एकदाच काम करतो. घोडागाडी हाकणाऱ्यालाही हे सगळे लागू आहे. तो उभा असतो, त्याला धरायला लगामाशिवाय काही नसते, आणि मागून दुसरी गाडी येत असते.

छाती-पाठीचे संरक्षक जाकीट असते, त्याचे युरोपीय मानक ईएन १३१५८. बरगड्या आणि टापांचा मार यांसाठी ते उपयोगी आहे. पाठीचा कणा वाकून मोडला तर ते फारसे काही करू शकत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी हेल्मेट घ्यावे.

बाकीचे सामान घरचेच आहे, फक्त ते कोणीतरी शर्यतीआधी हाताने तपासायला हवे. खोगिराचा तंग, म्हणजे ते पोटाखालून आवळणारा पट्टा, खाऱ्या हवेने आणि घामाने शिवणीपाशी कुजतो आणि वरून तेल लावलेला असल्यामुळे दिसत नाही. एकदा उलटा करून अंगठ्याने ओढून पाहिला की कळते. लगामाचेही तसेच. अनवाणी किंवा रबरी चपला घालून रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यात, पाय घालणे हा तर आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. पाऊल पुढे सरकून रिकीब घोट्यापर्यंत चढते, आणि पडलेला स्वार घोड्यामागे फरफटत जातो. टाच असलेला, गुळगुळीत तळाचा बूट असेल तर पाऊल पुढे सरकत नाही आणि अडकतही नाही. पकड सुटू नये म्हणून लगाम मनगटाला गुंडाळणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना ते शौर्य वाटते. खांदा सांध्यातून उखडून आलेला हात एकदा पाहिला असता तर वाटले नसते.

वयाबद्दल लिहिताना मी थोडा कठोर होणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. हलका स्वार हवा म्हणून बारा-तेरा वर्षांची मुले घोड्यावर बसवली जातात, आणि जी थोडी मोठी असतात ती शर्यतीआधी दोन दिवस जेवत नाहीत, पाणी तोडतात. पाणी तुटलेल्या माणसाचे लक्ष उडते, पकड ढिली होते आणि तोल जातो. हे रेसकोर्सवाल्यांना अनुभवाने कळले, म्हणून ब्रिटनमधल्या रेसकोर्सवरच्या, घाम गाळून वजन उतरवायच्या गरम खोल्या २०२१ मध्ये कायमच्या बंद करण्यात आल्या. दहीहंडीबाबत आपल्या राज्याने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घेणार नाही असे मान्य केले, आणि २०२२ मध्ये गोविंदांच्या मृत्यूला दहा लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले. गोविंदा निदान माणसांच्या खांद्यांवर उभा असतो आणि खाली झेलायला माणसे असतात. आपल्या शर्यतीत अठरा वर्षांखालचा स्वार नको, आणि स्वाराचे वजन किमान किती असावे हे मंडळाने आधीच ठरवून सर्वांना सारखे लावावे, म्हणजे हलक्या पोराचा फायदाच उरणार नाही.

आणि आता पडल्यानंतरचे. हाच माझ्या पत्राचा गाभा आहे, कारण वरचे सगळे केले तरी माणूस कधीतरी पडणारच. त्या वेळी पुळणीवर एक डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका हवी, आणि ती रुग्णवाहिका रस्त्यावर पार्क केलेली नको. मोठ्या रेसकोर्सवर ती शर्यतीच्या मागोमाग आतल्या वाटेने धावते. आपल्याकडे वाळूत चाके रुततात, म्हणून घट्ट वाळूपर्यंत फळ्या टाकून वाट करावी किंवा ट्रॅक्टर सज्ज ठेवावा. १०८ क्रमांकाची गाडी बोलावल्यावर येते ती तालुक्याच्या गरजेसाठी असते. शर्यतीच्या गर्दीतून तिला किनाऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे एकदा घड्याळ लावून पाहावे. रुग्णवाहिका कोणाला घेऊन निघाली तर दुसरी येईपर्यंत एकही घोडा सुटू नये.

पडलेल्या माणसाला उचलून उभे करू नये. तो शुद्धीवर असला तरी मान आणि कणा सरळ धरून, डॉक्टर सांगेल तसाच त्याला हलवावा, आणि हेल्मेट ओढून काढू नये. डोक्यावर पडलेला, क्षणभर जरी हरवल्यासारखा झालेला, त्याच प्रश्नाला दोनदा निरनिराळे उत्तर देणारा स्वार त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसता कामा नये, आणि त्याला त्या रात्री एकटे झोपू देऊ नये. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात जडपणा, यांतले एक जरी दिसले तरी सकाळची वाट न पाहता त्याला मेंदूचे स्कॅन होईल अशा रुग्णालयात न्यावे. ब्रिटनमध्ये प्रत्येक जॉकीची स्मरणशक्ती आणि प्रतिसाद हंगामाआधी तपासून ठेवतात, आणि डोक्याला मार बसल्यावर तो त्याच पातळीवर परत आल्याशिवाय त्याला घोड्यावर बसू देत नाहीत. आपल्याला एवढे जमणार नाही, पण मराठीत छापलेला एक कागद स्वाराच्या घरच्यांच्या हाती देणे जमेल. त्या मुलाच्या आईच्या हाती असा कागद असता, तर तिने त्याला झोपवले नसते.

यासाठी मंडळाने शर्यतीपुरता एक माणूस नेमावा. तो घोड्याचा मालक नसावा, वर्गणीदार नसावा, गावच्या राजकारणातला तर नसावाच. सुटण्याची जागा, पुळण, सामान, स्वाराची प्रकृती आणि उजेड यांपैकी कशावरूनही शर्यत थांबवायचा त्याला अधिकार असावा, आणि त्याच्या शब्दावर अध्यक्षांनाही बोलता येऊ नये. निवृत्त शिक्षक, बंदरावरचा जाणता तांडेल, पशुवैद्यक, कोणीही चालेल. स्वाराला स्वतःहून ‘नको’ म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने म्हणणारा कोणी हवा.

अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की परवानगीच्या अर्जात जनावराच्या दाखल्याशेजारी स्वाराचाही रकाना असावा: त्याचे वय, वैद्यकीय दाखला, हेल्मेट, अपघात विमा, आणि किनाऱ्यावर हजर राहणाऱ्या डॉक्टरची लेखी संमती. विम्याबद्दल सांगायचे तर, १९६३-६४ मध्ये इंग्लंडमध्ये दोन स्वार लागोपाठ पडून अपंग झाले, तेव्हा तिथे जखमी जॉकींसाठी वर्गणीतून निधी उभा राहिला आणि तो आजही चालतो. आपल्याकडे बक्षिसाच्या रकमेतला दहावा हिस्सा बाजूला काढला तरी तालुक्यापुरता असा निधी उभा राहील. त्यातून पहिली मदत कोणाला द्यायची, हे माझ्या मनात आहे.

कोजागरीनंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता सर्व मंडळांनी एकत्र बसावे, अशी विनंती करतो. जागा आपण ठरवा. भरती-ओहोटीचे कोष्टक, घरी पडून असलेली एक मानेची पट्टी आणि तपासायला एक जुना कुजलेला तंग मी घेऊन येईन. पुळणीवरची शिवण आखायला चुना आणि दोन माणसेही माझ्याकडून.

आपला नम्र,
एक निवृत्त प्लास्टर कर्मचारी,
अलिबाग तालुका, जिल्हा रायगड